क्लासचं नंतर बघू, आधी बूट

(पत्र थोडक्यात : आई-बाबा दोघंही नोकरीला. नऊ वर्षांची मुलगी तीनला शाळेतून सुटते, किल्लीने दार उघडते आणि साडेसहापर्यंत घरी एकटीच असते. शाळेजवळ पावणेसातपर्यंत मुलं सांभाळणारं केंद्र आहे, पण बाबांच्या मते ‘पाळणाघर तान्ह्यांसाठी’. आईचा प्रश्न : तिचा वेळ वाया जाऊ नये म्हणून चित्रकला लावू की कोडिंग?)

तुमच्या दोन पानी पत्रात कोडिंग सात वेळा आलंय. आणि एका कंसात, जाता जाता, तुम्ही लिहिलंय : ‘आम्ही येतो तेव्हा बरेचदा बूट घालूनच सोफ्यावर बसलेली असते, हल्ली आळशी झालीय.’

आळशी मूल बूट भिरकावून देतं, बाई. साडेतीन तास बूट न काढणारं मूल कुठल्याही क्षणी दाराकडे पळायच्या तयारीत बसलेलं असतं. आज तिला सहज विचारा, तुम्ही यायच्या आधी ती बाथरूमला जाते का, आणि गेलीच तर दार लावते का. उत्तर ऐकून कोडिंग आपोआप मागे पडेल.

‘ती कधीच तक्रार करत नाही, फार शहाणी आहे,’ असंही तुम्ही लिहिता. उठताबसता शहाणी म्हटल्यावर ती कुठल्या तोंडाने तक्रार करणार?

क्लास लावून हे सुटत नाही. क्लास तासाभराचा. त्याच्या आधी ती एकटी, नंतर एकटी, वर जाण्यायेण्याची नवी जबाबदारी. तिला तीन ते साडेसहा सलग एक मोठं माणूस हवंय, आणि ते त्या केंद्रात आहे. या आठवड्यात नाव घाला.

पण डोळे उघडे ठेवून. मुलं येण्याच्या वेळेलाच जा आणि तासभर थांबा. दुपारी बारा वाजता सगळीच केंद्रं छान दिसतात. एका मोठ्या माणसामागे किती मुलं ते मोजा. या वयाला दहा-बारा ठीक, पंधराच्या वर नको. आल्या आल्या हजेरी लागते का बघा आणि एकच प्रश्न विचारा : ‘एखाद्या दिवशी ती आलीच नाही, तर मला किती मिनिटांत फोन येईल?’ दहा मिनिटांत, असं कोणी न अडखळता सांगितलं तर बरं. ‘बघतो ना आम्ही’ म्हणाले तर दुसरं केंद्र शोधा. मुलीला न्यायला कोण येऊ शकतं, त्यांची नावं लेखी घेतात का तेही बघा.

आल्यावर मुलांना आधी खायला मिळावं, मग अर्धा-पाऊण तास हुंदडायला, आणि गृहपाठ त्यानंतर, फार तर अर्धा तास. सव्वातीनलाच वह्या उघडायला लावतात तिथे तो शाळेचाच आठवा तास होतो.

आणखी एक, हे तुमच्या मुलीपुरतं. शहाण्या मुलींना अशा ठिकाणी चार-पाच वर्षांच्या पोरांवर लक्ष ठेवायला बसवतात. कोणाच्या मनात वाईट नसतं, सोय म्हणून होतं. तिच्या वयाचा वेगळा गट आहे का ते विचारा आणि ‘तिला मदतनीस करू नका’ असं तोंडावर सांगून या.

पाठवायचं तर आठवड्याचे पाचही दिवस पाठवा. एक दिवसाआड गेलेल्या मुलाला ना तिथे मैत्रीण मिळते, ना जागा आपली वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती चिडचिड करेल, ‘घरीच बरं होतं’ म्हणेल. नवलाई संपते आणि दिवसभराच्या गोंगाटाचा थकवा वर येतो, म्हणून हे होतं. तेवढ्यावरून नाव काढू नका, सहा आठवडे जाऊ द्या. मात्र कोणी मारतं किंवा एखाद्या माणसाची भीती वाटते असं म्हणाली, तर एक दिवसही थांबू नका. न्यायला ठरल्या वेळी पोचा. दहा मिनिटं उशीर होणार असेल तरी फोन करून तिलाच सांगा. घरी येताना ‘आज काय शिकलीस’ नको, ‘कोणाशेजारी बसलीस’ विचारा.

राहिले तिचे बाबा. एक दिवस रजा घेऊन त्यांना साडेतीन तास त्याच सोफ्यावर बसवा, फोनशिवाय. मग सही करायला तेच येतील.