खर्रा, दारू आणि मनाचे आजार : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. नववीपासून खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे घोटलेले मिश्रण) खातो. हल्ली तिखट भाजीने त्याच्या तोंडाची आग होते आणि मोठा घास घेता येत नाही. खर्रा मिळाला नाही की पुस्तके फेकतो. हा स्वभाव समजावा की आजार? (एक आई, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, तोंडाची तक्रार आधी पाहू. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा पांढुरकी आणि कडक होत जाते, तोंड उघडणे कमी होते आणि यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. हे मुख्यतः सुपारीने होत असल्याने तंबाखूऐवजी साधी सुपारी देण्याचा तोडगा निरुपयोगी आहे. याच आठवड्यात त्याला दंतवैद्यांकडे न्या.

चिडचिड हा स्वभाव नव्हे. तंबाखूतले निकोटीन थांबले की पहिले दोन-तीन दिवस ती सर्वांत जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. म्हणून ऐन परीक्षेच्या तोंडावर सक्ती न करता दिवस ठरवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवा. महिना उलटूनही तो उदास राहिला, मित्रांत जाईनासा झाला, झोप आणि भूक बिघडलेलीच राहिली, तर मूळ दुखणे मनाचे असू शकते, आणि त्याचा उपचार वेगळा करावा लागतो. पानठेल्यावर अठरा वर्षांखालील मुलाला खर्रा घोटून देणे हा बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हे गावात स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

प्रश्न : धाकटा भाऊ सव्वीस वर्षांचा आहे, सकाळपासून मोहाची दारू पितो. घरच्यांनी त्याला चार दिवस खोलीत कोंडायचे ठरवले आहे. कोणी जेवणात मिसळायची पुडीही दिली आहे. (गडचिरोली जिल्हा)

उत्तर : दादा, कृपया यातले काहीही करू नका. रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भास व भ्रम सुरू होऊन जीवही जाऊ शकतो. बंद खोलीत हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. रुग्णालयात गोळ्या आणि जीवनसत्त्व बी-१ देऊन हेच दिवस सुरक्षितपणे पार पाडता येतात. पुडीत काय आहे ते माहीत नाही. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि त्यावर तो दारू प्यायला, तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असल्यामुळे अनेक घरे विचारपूस होईल या भीतीने उशिरा येतात. डॉक्टरांसमोर तो फक्त रुग्ण असतो.

प्रश्न : मी पोलीस भरतीत दोनदा राहिलो. झोप लागत नाही म्हणून रात्री क्वार्टर घेतो. वावरात एकटा असलो की जगून काय करायचे, असे वाटते. हे दारूमुळे होते काय? (बुलढाणा जिल्हा)

उत्तर : तुम्ही हे लिहून कळवले, हे फार चांगले केले. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते, आणि पहाटे तीनला जागा झालेला माणूस अधिकच खचतो. उदासी आधीची की दारूनंतरची, हे दारू थांबल्यावर काही आठवड्यांनी नीट कळते, पण मरणाचे विचार असताना तेवढे थांबायचे नसते. आजच १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर बोला. ही सेवा मोफत आणि चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येते. घरातल्या एका माणसाला सांगा आणि फवारणीचे औषध घरातून व गोठ्यातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवायला लावा. असा तीव्र विचार पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो, आणि त्या वेळी विष हाताशी नसले तर जीव वाचतो. भरतीत शिक्का बसेल अशी धास्ती असेल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे.

जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नुसते ‘झोप येत नाही’ म्हणू नका. दारू किती घेता आणि मरणाचे विचार येतात, ही दोन्ही वाक्ये सांगाच. ती कळली नाहीत तर झोपेच्या गोळ्या लिहून मिळू शकतात, आणि दारूवर घेतलेल्या त्या गोळ्यांनी श्वास मंदावतो.