फिजिक्सच्या वहीतली चौदा पानं

प्रश्न : सर, मी भुसावळला रेल्वेत कॅरेज-वॅगनला टेक्निशियन आहे. पोऱ्या बारावी सायन्सला आहे, दहावीला ८८ टक्के होते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खोलीत लाइट चालू असतो, आम्हाला वाटलं अभ्यास चाललाय. परवा फिजिक्सची वही उघडली तर मागच्या बाजूनं चौदा पानं भरलेली. अमेरिकेतल्या कुण्या पेपरवाल्यानं रोबोटच्या पिक्चरला नावं ठेवली होती, त्याला यानं उत्तर लिहिलंय. पिक्चरही आजचा नाही, २००९ चा. त्या माणसाचा लेख पुण्याच्या मावसबहिणीनं छापून पाठवला म्हणे. विचारलं तर म्हणतो, इंजिनिअरिंग नको, पिक्चरमधलंच काहीतरी करीन. त्याची आई म्हणते, कुणाला तरी दाखवून आणू. वही सोबत पाठवतो. काय करावं ते कळवा. – एक वडील, भुसावळ

उत्तर :

भाऊ, वही मिळाली. दोनदा वाचली. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन.

आधी वहिनींना सांगा, पोराला कुठंही दाखवायला न्यायचं नाही. त्याची झोप तेवढी बघा. बारावीच्या वर्षात दोनपर्यंत जागणं चांगलं नाही, मग ते फिजिक्ससाठी असो की रोबोटसाठी.

आता हे भांडण मुळात काय आहे ते सांगतो, कारण तुम्ही ‘कुणी पेपरवाला’ म्हणून सोडून दिलंय. त्यांचं नाव रॉजर ईबर्ट. शिकागोच्या ‘सन-टाइम्स’ या एकाच दैनिकात १९६७ पासून मरेपर्यंत सिनेमावर लिहिलं. १९७५ साली त्यांना पत्रकारितेतलं मोठं पुलित्झर पारितोषिक मिळालं, सिनेमाच्या समीक्षकाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. २००९ च्या जूनमध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या गाड्यांचे रोबोट होणाऱ्या सिनेमाचा दुसरा भाग आला, ‘रिव्हेंज ऑफ द फॉलन’. ईबर्टनी त्याला चारपैकी एक तारा दिला. लिहिलं असं, की तिकिटाचे पैसे वाचवायचे असतील तर स्वयंपाकघरात जा, नरकातलं संगीत गाणारा पुरुषांचा कोरस लावा, एखाद्या पोराला भांडी आपटायला सांगा आणि डोळे मिटून कल्पना करा. चाहते तुटून पडले. म्हातारा झालास, जमाना बदलला, रोबोटच्या पिक्चरमध्ये आणखी काय हवं होतं, एवढी गर्दी चुकीची आणि तू एकटा बरोबर का? सिनेमानं जगभरात ८० कोटी डॉलरच्या वर गल्ला केला. आणि पुढच्या वर्षी सर्वांत वाईट सिनेमाचं रॅझी पारितोषिकही त्यालाच मिळालं.

ईबर्ट ४ एप्रिल २०१३ ला गेले. तुमचा मुलगा तेव्हा बालवाडीत असेल. म्हणजे तो रात्री दोन वाजता वाद घालतोय तो गेलेल्या माणसाशी. हे त्याला ठाऊक नसेल तर हळूच सांगा. ठाऊक असूनही लिहीत असेल तर मग मला तो जास्तच आवडेल.

चौदापैकी पहिली पाच पानं मला टाकाऊ वाटली, हे स्पष्ट सांगतो. तिथं तुमचा मुलगा तेच म्हणतोय जे तेव्हा हजारो चाहते म्हणाले. ‘तुम्ही आधी असा पिक्चर काढून दाखवा’ हे वाक्य तीनदा आलंय, तिसऱ्यांदा लाल पेनानं. याचं उत्तर त्याला माझ्यापेक्षा तुम्ही चांगलं द्याल. यार्डात एखाद्या वॅगनमध्ये दोष दिसला की तुम्ही तिला ‘सिक’ मारता आणि ती सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या रुळावर, जाते. तेव्हा कुणी म्हणतं का, काय रे भो, आधी तू वॅगन बनवून दाखव? बनवणाऱ्याचं काम वेगळं, तपासणाऱ्याचं वेगळं. तुमचं काम चाकाकडं बघण्याचं, आणि जे दिसलं ते रजिस्टरात लिहून खाली सही करण्याचं. समीक्षकाचंही तेवढंच काम असतं. फरक इतकाच की समीक्षकानं सिक मारलेली गाडी तरीही धावते, आणि कधीकधी ८० कोटी डॉलर घेऊन परत येते.

चौथ्या पानावर ‘तुम्हाला रोबोटच आवडत नाहीत’ असं आहे. इथं तो सरळ चुकला. २००७ च्या पहिल्या भागाला याच ईबर्टनी चारपैकी तीन तारे दिले होते. तेच रोबोट, तोच दिग्दर्शक. म्हणजे त्यांना रोबोटचा राग नव्हता, दुसऱ्या भागाचा होता. ज्याला उत्तर लिहायचं त्याचं आधीचं लिखाण वाचायचं, ही पहिली पायरी पोरानं गाळली. (मीही गाळली होती. कॉलेजात असताना माझ्या आवडत्या हिरोच्या सिनेमावर एकानं झोडपणारं परीक्षण लिहिलं म्हणून मी पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर त्याला काय काय सुनावलं होतं. उलट टपाली एकच ओळ आली, ‘आपण सिनेमा पाहिलात का?’ मी पाहिला नव्हता.)

पण समीक्षक म्हणजे देव नव्हे, हेही त्याला कळू द्या. चाहत्यांच्या भडिमारानंतर ईबर्टनी जे उत्तर लिहिलं त्यात असंही सुचवलं, की ज्यांना हा सिनेमा चांगला वाटतो त्यांची अजून पुरेशी उत्क्रांती झालेली नाही. मला ते पटलं नाही. सिनेमाला सिक मारता मारता त्यांनी प्रेक्षकालाच सिक मारलं. तुमच्या मुलाला राग आला तो बहुतेक याच वाक्याचा असणार, कारण सातव्या पानावर त्यानं लिहिलंय, ‘मी आठवीत असताना हा पिक्चर आजीसोबत पाहिला, हिंदीत. ती पण हसली. ती मूर्ख नाही.’ हे वाक्य मला कुठल्याही परीक्षणात चाललं असतं.

आता नववं पान. यासाठीच हे एवढं लांबलचक लिहितोय.

तिथं त्यानं ट्रकचा ऑप्टिमस प्राइम, म्हणजे सिनेमातला मुख्य रोबोट, होतानाची आकृती काढलीय. पट्टीनं, मापात. दाराची बिजागरी, खांद्याचा सांधा, कोपर. बाजूला लिहिलंय, ‘ही बिजागरी एकाच बाजूला फिरू शकते. मग दार पाठीवर गेलं कसं? मधले भाग कुठून तरी येतात आणि कुठं तरी जातात. कॅमेरा फिरत राहतो म्हणून आपल्याला कळत नाही.’ आणि यावर दोन आडव्या रेघा मारून सगळं खोडलंय.

का खोडलं असेल? कारण ते समीक्षकाच्या बाजूनं जातंय. ईबर्टचीही तक्रार तीच होती, की हे रोबोट भंगाराच्या ढिगासारखे दिसतात आणि मारामारीत कोण कुठला ते कळत नाही. पोरानं स्वतःच्या डोळ्यांनी खरी गोष्ट पकडली आणि आपल्या पार्टीचं नुकसान होईल म्हणून खोडली. भाऊ, चौदा पानांत ह्याच चार ओळी अशा आहेत ज्या दुसऱ्या कुणी लिहिल्या नसत्या. बाकी सगळं गर्दीचं आहे.

आणि हा प्रश्न साधासुधा नाही. हे रोबोट ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या कंपनीनं संगणकावर उभे केले. एकट्या ऑप्टिमसला दहा हजारांहून जास्त सुटे भाग होते. त्यातला कुठला भाग कुठून कुठं सरकतो हे बसवणारी माणसं असतात आणि त्यांना पगार मिळतो. त्यांना बिजागरी कळावी लागते, चित्र काढता यावं लागतं आणि प्रेक्षकाची नजर कुठं चुकवायची तेही कळावं लागतं. तुमच्या मुलाला यातलं पहिलं आणि तिसरं नववं पान काढतानाच कळलंय. दुसरं बरं आहे, सराव हवा.

आणखी एक गंमत त्याला सांगा. ज्या सिनेमाच्या आवाजाला ईबर्टनी भांडी आपटणं म्हटलं, त्याला ऑस्करचं एकच नामांकन मिळालं, तेही ध्वनिमिश्रणासाठी. ईबर्ट आणि ऑस्करवाले एकाच आवाजाबद्दल बोलत होते. एकाला गोंगाट ऐकू आला, दुसऱ्यांना त्या गोंगाटात शेकडो आवाज वेगवेगळे राखण्याचं कौशल्य. दोन्ही खरं असू शकतं. चाकावर हातोडी मारून नुसत्या आवाजावर तडा ओळखतात, ते रेल्वेतल्या माणसाला मी काय सांगणार! पोराला एकदा विचारून बघा, त्याचा कान कसा आहे.

आता कामाचं बोलू.

सायन्स सोडायचं नाही. गणितही सोडायचं नाही. एमएचटी-सीईटी द्यायचीच. मेकॅनिकलला किंवा रोबोटिक्सकडं जाणाऱ्या कुठल्या शाखेला गेला तर नववं पान वाया जाणार नाही, आणि जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय घरापासून तासाभराच्या आत आहे. पण त्याच्या जोडीला डिझाइनच्या प्रवेश परीक्षा बघा. ‘यूसीड’ ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. बारावीला कुठलीही शाखा चालते, अर्ज साधारण ऑक्टोबरात सुरू होतात आणि पेपर जानेवारीत असतो. त्यात हातानं चित्र काढायचा भाग असतो. पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटी मुंबईच्याच डिझाइन विभागात, पदवी करायची तर हीच वाट. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी, तिचाही अर्ज भरा. आपल्याकडं या परीक्षांचं नाव पोरांना बारावी झाल्यावर कळतं, तेव्हा पेपर होऊन चार महिने झालेले असतात. तुम्हाला वेळेत कळतंय.

‘पिक्चरमधलंच काहीतरी’ म्हणजे त्याच्या डोक्यात बहुधा पुण्याची एफटीआयआय ही सरकारी फिल्म संस्था असेल. १९६० पासून प्रभात स्टुडिओच्या जागेवर चालते, नाव मोठं, फी खासगीपेक्षा कमी. पण दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी, तिथले हे मोठे अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. बारावीवर दार उघडत नाही. म्हणून तुमच्यात आणि त्याच्यात आज भांडणाचं कारणच नाही. आधी पदवी त्यालाही लागणार आणि पदवी तुम्हालाही हवी आहे. चार वर्षांनंतरही हाच किडा डोक्यात असेल तर ध्वनीच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म मी स्वतः भरून देईन.

एक गोष्ट मात्र करू नका. ॲनिमेशनच्या खासगी क्लासवाल्यांचे फोन सुरू होतील, निकालाच्या आठवड्यात तर रोज. रावेर तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडं आले होते. सबंध वर्षाच्या केळीचा पैसा त्यांनी एका संस्थेत भरला, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या तीन शब्दांवर. पोरगं आज मोबाइलच्या दुकानात आहे. कुठंही पैसे भरण्याआधी एवढंच म्हणायचं, मागच्या वर्षीच्या दहा मुलांचं काम दाखवा आणि त्यातल्या दोघांशी बोलू द्या. टाळाटाळ झाली की उठून यायचं. चहा प्यायला हरकत नाही.

आणि समीक्षा? मुलाला लिहायचंच असेल तर? मराठीत निव्वळ सिनेमावर लिहून घर चालवणारे मी बोटावर मोजून दाखवीन, आणि बोटं उरतील. बहुतेक जण प्राध्यापकी, बँक नाहीतर बातमीदारी करून लिहितात. ईबर्टसुद्धा पेपरात आधी बातमीदार म्हणूनच लागले होते. म्हणून लिहू नको म्हणायचं नाही, पोटापाण्याचं वेगळं बघून लिही म्हणायचं. टीका करणं हे खान्देशाला परकंही नाही. आपल्या यावलजवळच्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे, त्यांना साहित्य अकादमी मिळाली ती कादंबरीला नाही, ‘टीकास्वयंवर’ या समीक्षेच्या पुस्तकाला. आणि त्यांच्यावरही कमी लोक चिडले नाहीत.

रागावू नका त्याच्यावर. रजिस्टर दाखवा. एखाद्या रविवारी यार्डात घेऊन जा, परवानगी मिळत असेल तर, आणि सिक मारलेली एक वॅगन दाखवून विचारा, हिला काय झालंय, तुझ्या शब्दांत लिही. नुसतं ‘बेकार आहे’ लिहिलं तर परत पाठवा. कुठं, किती, कशामुळं हे लिहिलं तर घरी जाताना शेवभाजी खाऊ घाला.

वही या पत्रासोबतच कुरिअरनं परत पाठवतोय. पुढून फिजिक्सचे सात प्रकरणांचे नोट्स आहेत, तेही बघितले, अक्षर मागच्या बाजूचं जास्त चांगलं आहे. नवव्या पानाच्या समासात पेन्सिलीची एक फुली दिसेल, ती माझी. तिथल्या चार ओळी त्यानं दुसऱ्या कागदावर परत लिहून काढाव्यात, न खोडता, आकृतीसकट, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो कागद घेऊन जळगावला यावं. येताना तुम्ही नका येऊ. त्याला एकट्याला पॅसेंजरनं येऊ द्या.