आधीचं चित्र वेगळं, मागवलेलं वेगळं

प्रश्न : मी डिचोलीची, कावी शैलीत (देवळांच्या भिंतींवरची तांबड्या रंगातली जुनी चित्रकला) चित्रं काढते. गेल्या वर्षी मुंबईच्या एका कपड्यांच्या ब्रँडने कॅलेंडरसाठी माझी चार चित्रं घेतली. तीन पणजीतल्या माझ्या प्रदर्शनात आधीच लागली होती. चौथं, माटोळीचं (चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती फळाफुलांची चौकट), त्यांनी सांगून काढून घेतलं. 40 हजार ठरले, 15 हजार अजून येणं आहे. करार नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. आता चारही चित्रं पिशव्यांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर दिसतात, तीही माझी सही कापून, तांबड्याचा निळा करून. पैसे मागितले तर ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असा गेल्या वर्षीच्या तारखेचा कागद आला. सही करू का?

उत्तर : करू नका. मागची तारीख घालून तर मुळीच नको. 15 हजार हे तुमचं आधीच ठरलेलं येणं आहे, त्याच्या बदल्यात आता नवं काही द्यायचं कारण नाही. आणि हक्क खरंच त्यांच्याकडे असते, तर हा कागद पाठवायची धडपड त्यांनी कशाला केली असती?

प्रदर्शनातली तीन चित्रं तुमचीच. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायला लेखी कागद आणि त्यावर तुमची सही लागते. नुसते पैसे घेतल्याने हक्क जात नाही. निमंत्रणपत्रिका, भिंतीवरचे फोटो, वर्तमानपत्रातलं कात्रण, जे असेल ते काढून ठेवा.

माटोळीचं प्रकरण नाजूक आहे. कलम 17 सांगतं की पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणारा. ‘मी काढलं म्हणजे माझं’ असं धरून चालणारे कितीतरी कलाकार इथेच फसतात. तुमची बाजू ‘वेगळं काही ठरलं नसेल तर’ या अटीवर उभी आहे. तुम्ही पाठवलेल्या संभाषणात त्यांच्या माणसाचा मेसेज आहे : ‘फक्त यंदाच्या कॅलेंडरपुरतं.’ हेच ते वेगळं ठरणं. तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट एकटा पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे चॅट कुठल्या फोनमधून, कसं काढलं हे सांगणारं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

सही कापली, त्याला कॉपीराइट कायद्याचं कलम 57 आहे. मालकी कुणाकडेही गेली तरी चित्रकार म्हणून नावाचा हक्क तुमच्याकडेच राहतो. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प उतरवल्याबद्दल अमरनाथ सेहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये 5 लाखांची भरपाई दिली, ती याच कलमाखाली. रंग बदलण्याचा मुद्दा मात्र मी फार ताणणार नाही. त्याने तुमच्या प्रतिष्ठेला बाधा आली हे दाखवावं लागेल. कावी शैलीवरही दावा सांगू नका. ती देवळांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या आहे, सगळ्यांची आहे. तुमचा आहे तो तुमचा आराखडा, तुमची रेषा.

त्यांचा वकील बहुधा कलम 15 काढील : नोंदणी न केलेलं डिझाइन कारखान्यात 50 हून जास्त वस्तूंवर उतरलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. पण त्या वस्तू कॉपीराइटच्या मालकाने किंवा त्याच्या परवानगीने काढलेल्या असाव्या लागतात. तुमची परवानगी कॅलेंडरला होती, अभ्र्यांना नव्हे.

आता नोटीस पाठवा : विक्री थांबवा, आजवरचा हिशेब द्या, बाकी चुकती करा. ब्रँडशी कायमचं वाकडं घ्यायचं नसेल (आणि पुढची कामंही अशांकडूनच येणार, हे मला कळतं) तर सोबत परवान्याचा मसुदा जोडा. कुठल्या वस्तू, विक्रीवर किती टक्के, नाव कुठे छापायचं, सगळं त्यात येऊ द्या. मुदत लिहायची राहिली तर कायदा 5 वर्षं धरतो आणि प्रदेश राहिला तर अख्खा भारत.

दाव्याची वेळ आलीच तर कलम 62 मुळे तुम्हाला मुंबई गाठायची गरज नाही, उत्तर गोव्याच्या जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. म्हणून त्यांच्याकडून येणाऱ्या कुठल्याही मसुद्याचं शेवटचं पान आधी वाचा. ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ अशी ओळ तिथे असेल तर ती खोडूनच परत पाठवा.