बारा मिनिटांची धाव: आधी हे वाच

भावा, मनगटावरचं घड्याळ VO2 max चा आकडा दाखवतं, म्हणजे जोर लावल्यावर शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते; त्यावर उड्या मारू नको. कूपरची चाचणी कर: 12 मिनिटांत जमेल तेवढं अंतर पळायचं. मीटरमधून 504.9 वजा कर, 44.73 नं भाग. 400 मीटरच्या ट्रॅकवर सहा फेऱ्या झाल्या तर साधारण 42, म्हणजे वजनाच्या दर किलोमागं मिनिटाला 42 मिलिलिटर ऑक्सिजन. हाही अंदाजच म्हणा. खरं मोजमाप तोंडाला श्वास मोजणारा मास्क लावून, ट्रेडमिलवर. राजहंसगडाचा चढ यासाठी नको, सपाट मैदान बघ. बेळगावच्या पावसात चिखलातला आकडा तर धरूच नको. मी पहिल्यांदा वाऱ्यासारखा सुटलो, नि चौथ्या फेरीला कमरेवर हात ठेवून उभा! पहिल्या दोन फेऱ्या दम राखून पळ. छातीत दुखलं तर तिथंच थांब, आधी डॉक्टर.