लंडनला जाऊन ‘इंटेलिजन्स’मध्ये करिअर: शिरोलीच्या इंजिनिअरला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकल इंजिनिअर, वय २६, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाचा कारखाना) परचेसला. आता लंडनला इंटेलिजन्स विषयात एमए करायचं, तिथल्या सरकारी गुप्तचर खात्यात काही वर्षं काढायची आणि मग कंपन्यांना कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्सचा, म्हणजे स्पर्धकांची माहिती रीतसर काढून तिचा अर्थ लावायचा, सल्ला द्यायचा. कर्जासाठी राहतं घर तारण. मी कोल्हापूरचाच, बर्मिंगहॅममध्ये हेच कन्सल्टिंग करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

भावा, मधला टप्पा आधी खोड. एमआय६, एमआय५, जीसीएचक्यू या ब्रिटनच्या गुप्तचर खात्यांना ब्रिटिश नागरिकच लागतो. सीआयएला अमेरिकन, कॅनडाच्या सीएसआयएसला कॅनेडियन. तू म्हणशील, घेईन की नागरिकत्व. ते घेतलंस की भारताचं जातं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. उरतं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते): मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. (उसाची वडिलोपार्जित जमीन वारसानं मिळते, एवढं आईला सांगून टाक.) त्यातून सगळ्यांत कडक छाननीसाठी साधारण मागची १० वर्षं इथं राहिलेला माणूस बघतात. डिफेन्स कंपन्यांच्या ‘इंटेलिजन्स अॅनालिस्ट’च्या ज्या जाहिराती तू पाठवल्यास, त्यांच्या तळाची ओळ वाच: एससी क्लिअरन्स (सरकारी सुरक्षा छाननी, वरच्यापेक्षा एक पायरी खालची) आवश्यक. त्यालाही साधारण ५ वर्षांचं वास्तव्य धरतात.

हेरखात्याचीच ओढ असेल तर गाडी दिल्लीची पकड. आयबी (इंटेलिजन्स ब्युरो, देशांतर्गत गुप्तचर खातं) हे १८८७ पासूनचं खातं. त्यातल्या एसीआयओ (सहायक केंद्रीय गुप्तचर अधिकारी) पदासाठी गृह मंत्रालय उघड जाहिरात देऊन परीक्षा घेतं. पदवी लागते आणि खुल्या गटाला वयाची मर्यादा २७. तुझा हिशेब तूच कर. रॉ, म्हणजे परदेशातली हेरगिरी बघणारी संस्था, १९६८ ला निघाली. तिथं बरेच जण आयपीएससारख्या सेवांमधून प्रतिनियुक्तीवर जातात. पण ‘चार वर्षं तिथं काढतो, मग कन्सल्टिंग’ हे गणित जुळत नाही. तिथं काय केलंस हे सीव्हीत लिहिता येत नाही. २०२१ मध्ये पेन्शनचे नियम बदलले, तेव्हापासून या खात्यांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या कामाच्या विषयावर काही छापायचं तरी आधी परवानगी काढावी लागते.

मग सरकारी माणसं कंपन्यांत येतात ती काय घेऊन? कामाची पद्धत. जॅन हेरिंग हा सीआयएचा माणूस. ऐंशीच्या दशकात मोटोरोलाचे प्रमुख रॉबर्ट गॅल्विन यांनी त्याला बोलावून कंपनीत कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्सचा विभाग उभा केला. त्याची रीत आम्ही अजून वापरतो: माहिती गोळा करायच्या आधी साहेबाला विचारायचं, तुम्हाला नेमकं ठरवायचं काय आहे? त्या निर्णयापुरतंच शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण ‘स्पर्धकाबद्दल सगळं काढा’ म्हणणारे क्लायंट भरपूर भेटतात, आणि त्यांना पटवण्यातच पहिली मीटिंग जाते.

प्रत्यक्ष काम कसं असतं ते तुझ्याच धंद्यातून सांगतो. समज, क्लायंटला ठरवायचंय की नवी मोल्डिंग लाइन (ओतकामाचे साचे बनवायची यंत्रणा) टाकावी की नाही, आणि शेजारचा स्पर्धक क्षमता वाढवतोय का हे त्याला हवंय. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटमध्ये (कारखाना चालवायच्या परवानगीत) कोणतं उत्पादन महिन्याला किती टन, हे लिहिलेलं असतं. जुनं आणि नवं कन्सेंट शेजारी ठेव. मशिनरी तारण ठेवून कर्ज काढलं असेल तर कंपनीला तो बोजा नोंदवावाच लागतो. त्यावर बँकेचं नाव, रक्कम, तारीख मिळते. मग नोकरीच्या जाहिराती: मेल्टिंग सुपरवायझर रात्रपाळीसाठी मागवलाय का? कोअर शॉपला (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनतात तिथं) माणसं घेतायत की नुसती फेटलिंगला (ओतलेले भाग घासूनपुसून साफ करायला)? फेटलिंगला घेत असतील तर कदाचित फक्त रिजेक्शनचा (नापास झालेल्या मालाचा) ढीग उपसणं चाललंय. ही शेवटची शंका एमए केलेल्या पोराला येत नाही, तुला येईल. लोक पैसे देतात ते या शंकेचे.

कागद संपले की फोन. माजी कामगार, डीलर, ट्रान्सपोर्टवाले. इथं नियम कडक आहे: आपण कोण, कुठल्या फर्मचे, हे आधी खरं सांगायचं. विद्यार्थी आहे, प्रोजेक्ट करतोय असली थाप चालत नाही. या व्यवसायाची संघटना, स्किप, १९८६ पासूनची आहे आणि तिच्या आचारसंहितेत हे स्पष्ट आहे. २००१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलसाठी काम करणाऱ्यांनी युनिलिव्हरच्या शिकागोतल्या ऑफिसबाहेरचा कचरा उपसला होता. प्रॉक्टरच्या वरिष्ठांना कळल्यावर त्यांनी स्वतःच युनिलिव्हरला सांगितलं आणि प्रकरण पैसे देऊन मिटवावं लागलं. अमेरिकेत तर १९९६ च्या कायद्यानं व्यापारी गुपित चोरलं की १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता पैशाचं. किंग्ज कॉलेजचा इंटेलिजन्सचा एमए चांगला आहे, पण मुत्सद्देगिरी आणि सुरक्षा धोरणात रस असणाऱ्यांसाठी. पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या २ वर्षांचा, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांचा. तेवढ्यात स्किल्ड वर्कर व्हिसा देणारा मालक शोधायचा, आणि जुलै २०२५ पासून त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंड आहे. नवख्यांना सवलत आहे, पण नवख्यासाठी ही कटकट अंगावर घेणाऱ्या छोट्या कन्सल्टिंग फर्म मला फारशा दिसत नाहीत. घर तारण ठेवून हा जुगार मी तरी खेळणार नाही.

त्यापेक्षा पुणे गाठ. पुण्यात, गुरुग्रामला परदेशी क्लायंटसाठी हेच काम करणाऱ्या टीम आहेत आणि कास्टिंग, ऑटो पार्ट कळणारा माणूस त्यांना लागतो. तिथून कंपनीनं इकडं बदलीवर पाठवलं तर एक गोष्ट आधी विचारून घे: बदलीच्या व्हिसावरची वर्षं इथल्या कायम वास्तव्यासाठी धरत नाहीत. स्किल्ड वर्करवर पाठवणार असतील तर डोळे झाकून ये.

बँकेत फाइल टाकायच्या आधी एक काम कर. शिरोली किंवा गोकुळ शिरगावातली, तुझ्या कंपनीशी संबंध नसलेली एक फाउंड्री निवड आणि ती येत्या वर्षात क्षमता वाढवेल का, यावर दोन पानं लिही. किती खात्री आहे आणि का, हेही लिही. मग मला पाठव. फक्त उघड कागद वापर. वॉचमनला चहा पाजून काढलेली माहिती दिसली तर पुढचं वाचणार नाही.