बडोद्यातल्या आमच्या सोसायटीने मुलांच्या खेळासाठी ताई नेमल्या आहेत. त्यांनी खेळ शिकवावेत की नुसतं लक्ष ठेवावं?

लक्ष ठेवावं, तेही जरा लांबून. शिकवायला लागल्या की त्याचा क्लास होतो. ब्रिटनमध्ये या कामाला ‘प्लेवर्क’ म्हणतात. तिथे 2005 साली मान्य झालेल्या तत्त्वांनुसार काय खेळायचं, कसं आणि का, हे मुलंच ठरवतात. मोठ्यांनी जागा नि सामान पुरवायचं. सामान म्हणजे महागडी घसरगुंडीच हवी असं नाही. जुने टायर, खोकी, दोऱ्या, वाळू पुरे. मी बालवाडी चालवते. उत्तरायणानंतर मांजा काढून टाकलेल्या रिकाम्या फिरक्या अंगणात ठेवल्या, तर अर्ध्या तासात त्यांची आगगाडी झाली आणि एक टीसी सगळ्यांना दंड करत फिरू लागला. (मीही पाच रुपये भरले.) असलं काही शिकवून होत नाही. मात्र फुटकी काच, उघडी वायर, गच्चीचा कठडा किंवा मोठ्या मुलाची दादागिरी दिसली तर ताईंनी लगेच मध्ये पडावं. गुडघा खरचटेल म्हणून झाडावर चढणं बंद करायला सांगणारे पालक भेटतीलच. त्यांच्याशी सोसायटीने बोलावं, ताईंवर ढकलू नये.