जुन्या रेकॉर्ड जमवण्याचा छंद आहे, पण घरात आणि मित्रांत कोणालाच गोडी नाही. ही आवड त्यांच्यापर्यंत कशी पोहोचवावी?

गाणं ऐकवा, पण रेकॉर्डला हात लावू देऊ नका. माझं उत्तर एवढंच आहे. पुढचं वाचायला वेळ नसेल तर इथं थांबलात तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की मित्र येतात, तुम्ही प्लेअर लावता आणि दोन मिनिटांत सगळे मोबाइल काढून बसतात. म्हणून आता त्यांना रेकॉर्ड पुसायला, सुई टेकवायला शिकवायचं, म्हणजे हाताला काम मिळेल आणि आपोआप गोडी लागेल, असा तुमचा बेत आहे. तो वाचून माझ्या पोटात गोळा आला. हाच बेत मी एकदा केला होता.

आमचा वाडा जुन्या नाशकात, भांडी बाजाराच्या मागे. वडील कापडपेठेत एका दुकानात मुनीम होते. पगार बेताचा, पण गायक दत्तोपंत पलुसकरांची नवी रेकॉर्ड आली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची काळी तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. अशा अकरा रेकॉर्ड त्यांनी जमवल्या. १९६९ च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. नदीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती केव्हाच पाण्याखाली गेला होता आणि पाणी आमच्या ओसरीला लागलं होतं. वडिलांनी अकराच्या अकरा रेकॉर्ड तांब्याच्या घंगाळात उभ्या रचल्या, मध्ये मध्ये आईची लुगडी कोंबली आणि घंगाळ माळ्यावर चढवलं. ज्वारीचं पोतं मात्र खाली राहिलं. ते फुगून फुटलं. आई शेवटपर्यंत म्हणायची, 'ह्यांनी गाणी वाचवली आणि भाकरी बुडवली.'

त्या अकरांतली मीरेच्या भजनाची एक रेकॉर्ड माझ्या जिवाची. आता तिचं काय झालं ते सांगतो.

आमचे साडू इचलकरंजीचे. चार यंत्रमागांचे मालक, माणूस हौशी, हात कधी स्वस्थ नाही. आमच्या दोघांत गाण्याचा एकच धागा, तो म्हणजे पलुसकर. पण त्यातही भांडण. साडू म्हणणार, 'विष्णु दिगंबर जन्मले आमच्या शेजारच्या कुरुंदवाडात, दत्तोपंतही १९२१ साली कुरुंदवाडातच. म्हणजे बापलेक दोघंही आमच्याकडचे, तुम्ही नाशिककर उगाच मिरवता.' मी म्हणणार, 'जन्म कुठंही होईल हो. विष्णु दिगंबरांनी रामनामाचा आश्रम काढला तो नाशकात. १९३१ मध्ये ते गेले तेव्हा दत्तोपंत दहा वर्षांचे होते. पोर वाढलं ते गोदेच्या पाण्यावर.' हे भांडण आम्ही प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक लग्नाला भांडलो आहोत. पंगतीत आम्हाला शेजारी बसवत नाहीत.

तर २००९ च्या उन्हाळ्यात मी इचलकरंजीला गेलो असताना त्यांचा टेपरेकॉर्डर घरघरायला लागला होता. मी सातपूरच्या एमआयडीसीत मेन्टेनन्समध्ये उभा जन्म घालवलेला, मला राहवतंय होय! झाकण काढलं, काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवून हेड, म्हणजे टेप जिथून घासत जाते तो भाग, पुसलं. कापूस तपकिरी झाला आणि आवाज एकदम उघडला, बंद खोलीची खिडकी कोणी ढकलावी तसा. साडू लहान पोरासारखे बघत राहिले. मला चेव आला. मग रबरी रोलर कसा पुसायचा, हेडचा स्क्रू केसभर फिरवला की आवाज कसा धारदार होतो, सगळं शिकवलं. जाताना म्हणालो, 'साडूभाऊ, स्पिरिटसारखं औषध नाही.' हे वाक्य माझंच आहे, ते मी कधी नाकारलेलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीला ते सहकुटुंब नाशकात आले. पाडव्याच्या पहाटे आम्ही सगळे नेहरू चौकात पिंपळपारावर गाणं ऐकून आलो. घरी आल्यावर मी सासूबाईंना घेऊन काळारामाला गेलो. साडू म्हणाले, 'तुम्ही या जाऊन, तोवर मी तुमची मीरा तयार ठेवतो.' मला वाटलं, पाकिटातून काढून ठेवणार असतील.

तासाभरानं आलो तेव्हा ते खिडकीशी मांडी घालून बसले होते. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर रेकॉर्ड, हातात कापसाचा बोळा. शेजारी वापरलेले सहा-सात बोळे, सगळे काजळीसारखे काळे. चेहरा घामेजलेला आणि प्रसन्न. मला बघून एक बोळा वर धरून म्हणाले, 'बघा, काय घाण निघतेय! चाळीस वर्षांत कोणी पुसलीच नव्हती वाटतं.'

ती घाण नव्हती. ती रेकॉर्ड होती. ७८ ची तबकडी लाखेची असते, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळलेल्या लाखेची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराला विचारा, लाकडाचं पॉलिश तो असंच तर करतो. साडू खाचांच्या दिशेनं, मी शिकवलं होतं तितक्याच निगुतीनं, दत्तोपंतांचा आवाज कापसावर टिपून घेत होते.

मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर बोलता आलं नाही. रेकॉर्ड लावली. आधी पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज, मग त्याच्या मागून, फार लांबून, भिंतीपलीकडून यावं तसं भजन. साडू म्हणाले, 'अजून एकदा पुसू का?' बायकोनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि पुढ्यात चकल्यांचा डबा ठेवला.

गोदामाईनं सोडलेली वस्तू साडूंनी घालवली, असं मी त्या दिवाळीत सगळ्यांना सांगत सुटलो. ते त्यांच्या कानावर गेलं. पुढं दोन वर्षं ते आमच्याकडे आले नाहीत. बहिणीबहिणी फोनवर बोलायच्या आणि आम्ही दोघं आपापल्या घरी शेजारच्या खोलीत बसून कान लावायचो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. गाण्याची गोडी आणि छंदाची गोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्यांची गल्लत करताय. रेकॉर्ड पुसायला शिकलेला माणूस गाणं ऐकायला लागतोच असं नाही, तो पुसायला लागतो. माझ्या ओळखीचे दोघं आहेत, शेकड्यांनी रेकॉर्ड घरात, काचेच्या कपाटात क्रमवार. एकदा एक भैरवी लावा म्हटलं तर म्हणाले, सुई झिजते. असला छंद कोणाला लावून तुम्ही काय साधणार?

ऐकवायचं असेल तर एका वेळी एकच बाजू ऐकवा. ७८ चं हेच सुख आहे, तीन मिनिटांत संपते, पाहुण्याला जांभई द्यायलासुद्धा वेळ मिळत नाही. आधी भाषण नको. राग कोणता, साल कोणतं, तुम्ही ती कुठल्या भंगारवाल्याकडून कितीला आणली, हे कोणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. आणि गाणं चालू असताना 'आता बघ हं, आता येईल ती जागा' म्हणत समोरच्याचं तोंड न्याहाळायचं नाही. मी वर्षानुवर्षं हेच करत होतो. माझी मुलगी सांगते, तिला पलुसकरांचा राग नव्हता, माझ्या टक लावण्याचा होता. ती आता नाशिकरोडला राहते आणि स्वतःहून ऐकते. मी समोर नसताना.

लिंक पाठवणं मात्र माझ्या हिशेबात ऐकवणं नाही. दिवसाला दहा लिंका पाठवणाऱ्या माणसाला स्वतःलाच ऐकायला वेळ नसतो.

काही गोष्टी राहिल्या. वर जे म्हटलं ते लाखेच्या रेकॉर्डचं. एलपी, म्हणजे नंतर आलेली, सावकाश फिरणारी मोठी रेकॉर्ड, प्लास्टिकची असते, ती पाण्यात मिसळलेल्या थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली तरी चालते. लाखेच्या रेकॉर्डला कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं. मधला कागद भिजू द्यायचा नाही आणि उभी ठेवून वाळवायची, उन्हात नाही. दुसरं, तुमच्या प्लेअरला एलपीचीच सुई असेल तर तिच्यावर ७८ लावू नका. एलपीच्या सुईचं टोक १८ ते २५ मायक्रॉनचं आणि ७८ ला लागतं ७५ च्या आसपास. बारकी सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते, खरखर वाढते आणि तुम्ही रेकॉर्डला दोष देत बसता.

तिसरं लिहावं की नाही, असा विचार करत होतो. साडूंची बाजू अशी की ती बाटली प्लेअरच्या टेबलावरच होती आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात 'साफसफाईसाठी' असं लिहिलं होतं. हे खरं आहे. पण ती टेबलाच्या टेपकडच्या बाजूला होती, रेकॉर्डकडच्या नाही, आणि माझ्या घरात ही वाटणी सगळ्यांना माहीत होती. साडू म्हणतात, टेबल अडीच फुटांचं, त्याला बाजू कसल्या?

तेच भजन आज यूट्यूबवर स्वच्छ ऐकायला मिळतं. दर पाडव्याला पहाटे साडेपाचला साडूंचा मेसेज येतो, वर लिंक आणि खाली, 'कुरुंदवाडकडून नाशिकला सप्रेम.' मी तो उघडतो, पूर्ण ऐकतो, उत्तर देत नाही. बाटलीवर आता 'फक्त टेपच्या हेडसाठी' अशी लाल अक्षरात चिठ्ठी आहे. गेल्या खेपेला आले तेव्हा चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, 'अक्षर चांगलंय. २००९ ला लिहायला काय झालं होतं?'